भाचीबाई, एसी घेण्याआधी

अकोला, होळी पौर्णिमा

चि. भाचीबाईंस,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, कोणत्या कंपनीचा एसी घेऊ?’ मी ‘लिहून कळवतो’ म्हणालो, तर तू हसलीस. पण फोनवरचं बोलणं दुकानात जाईपर्यंत विरून जातं. कागद पर्समध्ये राहतो. चौतीस वर्षं स्प्लिट एसी बसवण्यात आणि उघडण्यात गेली, म्हणून हक्कानं सांगतो: कंपनीचं नाव शेवटी. आधी खोली बघ.

नागपुरात तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर घर घेतलंत, बेडरूमची भिंत पश्चिमेला. एप्रिलमधल्या कुठल्याही रात्री नऊ वाजता त्या भिंतीवर तळवा टेकव. स्टुलावर चढून छतालाही हात लाव. भाकरी उतरवल्यावर तव्याला धग राहते तशी लागली, तर समज की तुझा एसी अर्धी रात्र खोलीतली हवा नव्हे, स्लॅब थंड करत बसणार. म्हणून पहिला खर्च गच्चीवर कर. सोसायटीला विचारून पांढरा उष्णतारोधक रंग लाव, तो परवडत नसेल तर चुन्याचे दोन हात मार. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा हिरवी जाळी लाव. आतून कितीही जाड पडदा लावलास, तरी ऊन काचेतून घरात शिरलेलंच असतं.

आता टनाचं. पुष्कळांना वाटतं टन म्हणजे यंत्राचं वजन. ते माप बर्फाच्या जमान्यातलं आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगानं उष्णता शोषतो, तो एक टन. ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. तुझी खोली बारा बाय बारा. मधल्या मजल्यावर असती तर एक टन पुरला असता. वरच्या मजल्यावर दीड घे. दुकानदार ‘दोनच घ्या ताई, निवांत राहाल’ म्हणेल. ऐकू नकोस. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली झटकन गार करून थांबतं, आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा तसाच राहतो. गार पण चिकट खोलीत झोप लागत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर जातो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी यंत्र थोडं कमीच काम करणार. तेव्हा माहितीपुस्तिका मागून घे आणि बाहेरच्या किती तापमानापर्यंत ते चालतं, ते स्वतः वाच. ४३ लिहिलं असेल तर खाली ठेव. विदर्भासाठी ५० च्या पुढचंच बघ.

स्टारबद्दल तू जावईबापूंशी वाद घातलास म्हणे. वाद नको, वजाबाकी कर. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तास धरून. समज, तीन आणि पाच स्टारमध्ये २०० युनिटचा फरक निघाला आणि युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाला दोन हजार वाचले. किमतीत आठ हजारांचा फरक असेल, तर तो चार वर्षांत फिटला. पण एसी फक्त उन्हाळ्यातल्या रात्रीच चालणार असेल, तर तास निम्मे होतात आणि फिटायला आठ वर्षं लागतात. जावईबापू घरूनच काम करतात, दिवसभर एसी चालेल. म्हणून तुझ्या घरी पाच स्टार. शिवाय महावितरणचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. महिन्याला ३०० युनिटच्या वर गेलीस की वरच्या युनिटांना जास्त दर लागतो, आणि वाचणारे युनिट नेमके तेच असतात.

सासऱ्यांचे सांधे थंडीत धरतात, म्हणून ‘हॉट अँड कोल्ड’ घेऊ का, असंही विचारलंस. त्या यंत्रात एक झडप वायूचा प्रवाह उलटा फिरवते; उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकणारं यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत ओढतं. गार हवेतही उष्णता असतेच. कॉइलचा हीटर एक युनिट विजेत एका युनिटाचीच ऊब देतो; हे यंत्र नागपूरच्या थंडीत साधारण तिप्पट देतं. पण पैसे जास्त पडतात आणि कडाका डिसेंबर-जानेवारीपुरताच असतो. तेव्हा ते फक्त सासऱ्यांच्या खोलीत घे. तुमच्या खोलीला रजई पुरे.

आणि कुलर भंगारात देऊ नकोस. कोरड्या एप्रिल-मेमध्ये हॉलला कुलरच बरा, तोही थोड्या विजेत. एसीच्या खोलीत मात्र तो लावू नकोस. एकानं पाणी घालायचं आणि दुसऱ्यानं काढायचं, असा खेळ होतो.

आता मुख्य गोष्ट. एसी दुकानात अर्धाच तयार असतो, उरलेला अर्धा तुझ्या भिंतीवर तयार होतो. मी नवशिका असताना एका घरी घाईत तांब्याचे पाइप जोडले आणि व्हॅक्यूम पंप न लावता थोडा वायू सोडून आतली हवा ‘फुंकून’ काढली. सगळेच तसं करायचे. हवा गेली, ओल राहिली. ती ओल तेलात मिसळून आम्ल तयार झालं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जळाला. घरमालकांनी आवाज चढवला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्याचे पैसे मी चार पगारांतून फेडले.

म्हणून बसवायला माणूस येईल तेव्हा स्वयंपाकघरात जाऊ नकोस, समोर उभी राहा. बाहेरचं युनिट सावलीत आणि मोकळ्या जागी लावून घे. काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. पाण्याच्या नळीला उतार आहे ना, बघ. वीज वेगळ्या एमसीबीवरून घे आणि अर्थिंग तपासून घे.

राहिला कंपनीचा प्रश्न. ज्या कंपनीचा दुरुस्तीवाला मे महिन्यातही दोन दिवसांत तुमच्या भागात येतो, ती कंपनी चांगली. हे जाहिरातीत कळत नाही, शेजाऱ्यांना विचार.

आणि बसवणारा दारात आला की पहिला प्रश्न हा: ‘दादा, व्हॅक्यूम पंप आणलाय ना?’ नाही म्हणाला, तर त्याला चहा पाज आणि पंप घेऊन उद्या यायला सांग.

तुझा
मामा