पुठ्ठ्यावरची रेघ

मे महिना होता. गावात नांगरट जोरात चालू होती. आमच्याकडे एक ट्रॅक्टर आणि एक पलटी नांगर आहे. आमची जमीन नांगरून झाली की भाईजान इतरांचीही शेते नांगरून देतात. त्या वर्षी अब्बांच्या वहीत पाच शेतकऱ्यांची नावे होती. पाऊस येण्यापूर्वी सर्वांचे काम करून देऊ, असा शब्द अब्बांनी दिला होता.

पलटी नांगर शेताच्या टोकाला उलटा करावा लागतो. हे काम तेल करते. ट्रॅक्टरच्या मागून दोन जाड रबरी नळ्या नांगराच्या सिलिंडरपर्यंत जातात. पंप तेल ढकलतो, सिलिंडरमधला दट्ट्या सरकतो आणि एवढा जड नांगर खेळण्यासारखा पलटतो.

एके दिवशी त्यातल्या एका नळीच्या जोडावर तेलाचे थेंब दिसू लागले. भाईजाननी पाना घेऊन नट आवळला. दुसऱ्या दिवशी तेल पुन्हा आले. त्यांनी नट आणखी आवळला. तिसऱ्या दिवशी नट उघडून आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी पट्टी गुंडाळली. चौथ्या दिवशी नांगर अर्धा पलटून थांबला आणि काळ्या मातीवर तेलाचे डबके झाले.

अब्बांनी तालुक्याहून मिस्त्रीकाकांना बोलावून आणले. ते येईपर्यंत भाईजाननी इंजिन पुन्हा चालू केले होते. तेल नेमके कुठून येते हे पाहण्यासाठी मी जोडाजवळ बोट नेले. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात मागे घे! आधी इंजिन बंद करा!"

मी दचकलो. मला थोडा रागही आला. तेलच तर आहे, त्यात एवढे ओरडण्यासारखे काय?

मिस्त्रीकाका जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, सायकलच्या चाकात हवेचा दाब किती असतो? एका चौरस सेंटिमीटरवर दोन-तीन किलो. या नळीत तो दीडशे ते दोनशे किलो असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ही धार निघाली, तर डोळ्यांना दिसतही नाही. पण कातडी भेदून आत शिरते. वरून नुसते सुई टोचल्यासारखे दिसते. सुरुवातीला फारसे दुखतही नाही. मग बोट सुजते, आतले मांस मरू लागते. काही तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट कापावे लागू शकते. असे कधी झालेच, तर दुखण्याची वाट पाहू नये. लगेच दवाखान्यात जावे आणि दाबाचे तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना सांगावे."

मी बोट मुठीत लपवले.

त्यांनी जोड कापडाने पुसून कोरडा केला. डोळ्यांवर चष्मा चढवला. एका लांब काठीला कोरडा पुठ्ठा बांधला. सर्वांना दूर उभे करून इंजिन सुरू करायला लावले आणि लांबूनच पुठ्ठा जोडासमोर धरला. क्षणभरात पुठ्ठ्यावर तेलाची एक बारीक, सरळ रेघ उमटली. माझे बोट बरोबर तिथेच जाणार होते.

आता खरे काम सुरू झाले. नांगर जमिनीवर टेकवला. इंजिन बंद केले. मग मिस्त्रीकाकांनी तेलाचा दांडा चार-पाच वेळा पुढेमागे केला. इंजिन बंद असले तरी नळीत दाब कोंडून राहतो, तो असा उतरवावा लागतो. तेल निवेपर्यंत चहा झाला.

त्यांनी दोन पाने घेतले. एकाने जोडाचा मागचा भाग धरून ठेवला, दुसऱ्याने नट सोडवला. एकच पाना लावला, तर नळीला पीळ पडतो. आतून रबराची एक छोटी रिंग निघाली. ती चपटी आणि कडक झाली होती, एका बाजूने कापलीही गेली होती. "तेल ही रिंग अडवते, आटे नव्हेत," ते म्हणाले. "तुम्ही जितके आवळले, तितकी ती कापत गेली. आणि त्या पट्टीचे तुकडे तेलात गेले तर वाल्व अडकतो." भाईजान खाली पाहत पट्टी सोलून काढू लागले.

नवी रिंग तेवढ्याच मापाची होती. तिला तेल लावून बसवले. नट आधी हाताने फिरवला, शेवटी पान्याने बेताने आवळला. नळीवर छापलेली लांब रेघ सरळ दिसते ना, तेही त्यांनी पाहिले. रेघ वेटोळी दिसली, तर नळी पिळलेली आहे असे समजावे.

तेल भरून नांगर चार वेळा पलटवला. काठीवरचा नवा पुठ्ठा कोरडाच राहिला.

रिंगची किंमत एका चहापेक्षाही कमी होती. अब्बांनी मजुरी दिली आणि वही उघडून पुढच्या शेतकऱ्याकडे निरोप पाठवला. पहिला पुठ्ठा मी घरी आणला. तो अजून माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे.

शब्दार्थ
पलटी नांगर – उलटा करता येणारा नांगर. दट्ट्या – सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकणारा भाग. आटे – नटाच्या आतील खाचा. बेताने – योग्य तेवढेच. निवणे – थंड होणे.

स्वाध्याय
१. मिस्त्रीकाका लेखकावर का ओरडले?
२. नट वारंवार आवळूनही तेल गळणे का थांबले नाही?
३. दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम असेल, तर दट्ट्यावर एकूण किती जोर पडेल?
४. 'शब्द देणे' आणि 'वाट पाहणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.