दंडावरचा सेन्सर आणि वडिलांचा मोबाईल

माझ्याकडे उपचार घेणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मधुमेही मुलाच्या दंडावर सेन्सर आहे. शर्करेचे आकडे आईच्या मोबाईलवर येतात आणि तेथून इंटरनेटद्वारे दहेजला रात्रपाळीवर असलेल्या वडिलांपर्यंत पोहोचतात. इन्सुलिन पंपाचा विषय निघाला तेव्हा वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, यात बाहेरून कोणी शिरले तर?" एम.डी. करताना हा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता.

शंका मात्र निराधार नव्हती. जय रॅडक्लिफ हे संगणक-सुरक्षेचे अभ्यासक स्वतः मधुमेही. आपल्याच पंपाला दुरून आज्ञा देता येते, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. २०१६ मध्ये त्यांनीच 'वनटच पिंग' पंपातील उणीव उघड केली. रिमोटकडून पंपाकडे जाणारा रेडिओ-संदेश सांकेतिक लिपीत बांधलेला नव्हता. जवळपासचा माहीतगार त्याची नक्कल करून इन्सुलिन सोडू शकला असता. अनावश्यक इन्सुलिन म्हणजे हायपोग्लायसेमिया, हे आपणांस सांगणे नलगे. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिकच्या काही जुन्या 'मिनीमेड' पंपांविषयी इशारा दिला. अपडेट करून त्यांतील त्रुटी बुजवता येत नव्हती. कोणास प्रत्यक्ष अपाय झाल्याची नोंद मात्र तेव्हा नव्हती. गंमत अशी की, याच उणिवेचा उपयोग करून अनेक रुग्णांनी व पालकांनी घरच्या घरी स्वयंचलित इन्सुलिनची व्यवस्था उभारली होती, आणि त्यासाठी ते हे जुने पंप शोधत असत!

तरीही बालरोगतज्ज्ञ म्हणून मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी घटना. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी डेक्सकॉमचा सर्व्हर बिघडला. सेन्सर मोजत होते, परंतु दुसऱ्या खोलीत वा दूरगावी असलेल्या पालकांच्या मोबाईलवर सूचना येईनात. येथे कोणी शिरले नव्हते. गजर वाजला नाही म्हणून पालक निर्धास्त झोपले, इतकेच. चोरापेक्षा ही शांतता मला भयावह वाटते, कारण तिच्यात संशयास जागाच नसते.

मी त्या वडिलांना पंप घ्याच म्हणालो. एका वेळच्या मात्रेची कमाल मर्यादा आपण ठरवून देऊ. पंपाचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र कोठे टाकू नका. अपडेट टाळू नका. (आपल्या दवाखान्यांतील वाय-फायचा पासवर्ड किती जणांना ठाऊक असतो, हा विषय येथे काढत नाही.) रात्रीचा गजर आईच्या उशाशी हवा. आकडे थांबले तर 'ठीक आहे' असे न मानता 'ठाऊक नाही' असे मानून बोटातून रक्त तपासावे.

वडिलांनी तेथेच ठरवले, वीस मिनिटे आकडा आला नाही तर घरी फोन करायचा. सोबत आलेल्या आजी एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारले, "म्हणजे जुने ग्लुकोमीटर टाकायचे नाही ना?"

मुळीच नाही, मी म्हणालो, आणि पट्ट्या मुदतीतल्या आहेत का तेही पाहा.