समोरचीचे पाय बघ

चि. सोनूस,



तुझं पत्र परवा मिळालं. बास्केटबॉलच्या जिल्ह्याच्या सामन्यात त्या उंच मुलीने तुझ्या हातातून दोनदा बॉल काढून घेतला, आणि त्यानंतर तू बॉल आला की लगेच पास देऊन मोकळी होत राहिलीस. बॉल गेला याचं मला काही वाटत नाही. रिंगकडे जाणंच तू सोडून दिलंस, हे मात्र मनाला लागलं. ‘व्हिडिओ बघून रोज क्रॉसओव्हर करते, एकटी असताना छान जमतो, सामन्यात जमत नाही,’ असं तू लिहिलं आहेस. आज त्यावरच लिहिते.

व्हिडिओत तुझं लक्ष खेळाडूच्या हातांवर असतं. बॉल पायांमधून, पाठीमागून, इकडून तिकडे. पुढच्या वेळी तोच व्हिडिओ लाव आणि बॉलकडे अजिबात बघू नकोस, फक्त डिफेंडरचे पाय बघ. कोणत्या क्षणी तिचं वजन एका पायावर गेलं, कमर कधी वळली, ते शोध. बॉल आपटून दुसऱ्या हातात नेण्याचा तो क्रॉसओव्हर त्या क्षणी पडला म्हणून चालला. अर्धा सेकंद आधी पडला असता तर तो नुसता सुंदर ड्रिबल ठरला असता.

तुला हे मुळात येतं, म्हणून मी एवढ्या खात्रीने सांगते. खो-खोत तू पळत असतेस तेव्हा पाठलाग करणारीच्या खांद्यावर तुझी नजर असते. तिने एकदा दिशा घेतली की नियमाने तिला उलटं फिरता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच तू हुलकावणी देतेस. बास्केटबॉलमध्ये डिफेंडरवर असा नियम नाही, पण तिच्या शरीरावर तसंच बंधन आहे. एका पायावर वजन टाकलेल्या माणसाला त्याच पायाच्या बाजूला लगेच जाता येत नाही. आधी वजन उचलावं लागतं. तेवढा वेळ तुझा.

आता पाय कसे वाचायचे ते बघ. मार्क करणारी मुलगी दोन्ही पाय एका रेषेत ठेवून क्वचितच उभी राहते. एक पाय पुढे असतो, एक मागे. पुढच्या पायाच्या बाजूने तू गेलीस तर तिला तो पाय मागे टाकून कमर उघडावी लागते, मगच ती तुझ्याबरोबर पळू शकते. मागच्या पायाच्या बाजूने गेलीस तर तिकडे सरकायला ती आधीच तयार असते. म्हणून तिचा डावा पाय पुढे असेल, तर तो तुझ्या उजव्या हाताला आहे, उजवीकडून जा. हे बॉल हातात आल्यावर बघायचं नाही. पास हवेत असतानाच एक नजर टाकायची. बॉल पकडून, दोनदा आपटून, मग विचार करणाऱ्या मुलीला कोणतीही डिफेंडर सावरून उभी राहिलेलीच भेटणार.

बॉल घेतल्यावर गुडघे वाकलेले हवेत आणि बॉल कमरेच्या बाजूला, तिच्या हातापासून लांब. तिथून शॉट, पास आणि ड्राइव्ह तिन्ही शक्य असले पाहिजेत, म्हणूनच त्याला ट्रिपल थ्रेट म्हणतात. डावा पाय पिव्होट म्हणून रोवून ठेव आणि उजव्याने छोटा जॅब, म्हणजे हुलकावणीचं पाऊल, टाक, वीतभर पुरे. आणि थांब! तुझ्या वयाच्या मुली इथेच घाई करतात. जॅब टाकतात आणि समोरची त्याला भुलली की नाही हे न बघता ठरवलेलं पुढचं काम करून टाकतात. भुलायलाही वेळ लागतो, तो तिला दे. ती मागे सरकली तर शॉट घे. हललीच नाही तर तोच पाय लांब टाकून तिच्या बाजूने निघ. जॅबच्या दिशेला झुकली तर बॉल खालून दुसऱ्या बाजूला ने आणि उलटीकडून जा.

इथे शिट्टीचा धोका आहे. उभ्याने सुरुवात करताना पिव्होट पाय जमिनीवरून सुटण्याआधी बॉल हातातून सुटलेला हवा, नाहीतर ट्रॅव्हलिंग. 2017 मध्ये बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, फीबाने, नियम बदलला, त्यानुसार पळता पळता बॉल पकडताना जमिनीवर असलेला पाय शून्य धरतात आणि त्यानंतर दोन पावलं मिळतात. ती सवलत पळता पळता पकडलेल्या बॉलसाठी आहे. उभ्याने निघताना ती मिळत नाही. मैदानावर ही गल्लत रोज दिसते.

थांबून बघण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला ॲलन आयव्हरसनचं वाटतं. 12 मार्च 1997 रोजी फिलाडेल्फियात हा पहिल्याच मोसमातला पोरगा मायकेल जॉर्डनसमोर उभा होता, आणि जॉर्डन त्या काळातल्या उत्तम डिफेंडरांपैकी एक. आयव्हरसनने आधी एक लहान क्रॉसओव्हर टाकला. जॉर्डन त्याला हलला. तेवढंच त्याला बघायचं होतं. जॉर्डनला पुन्हा पाय रोवू दिले आणि मग तोच क्रॉसओव्हर रुंद, खोल, पूर्ण खांदा घालून टाकला, आणि मिळालेल्या जागेतून शॉट मारला. तो सामना जॉर्डनच्या शिकागोनेच जिंकला, तरी ती एक चाल लोक आजही काढून बघतात. लोकांच्या लक्षात दुसरा क्रॉसओव्हर राहतो. तू पहिला बघ.

आणि वेग. तू लिहिलंस की ती उंच मुलगी तुझ्यापेक्षा जोरात पळते. पळू दे. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा खेळाडू एनबीएतल्या वेगवान खेळाडूंमध्ये गणला जात नाही, तरी त्याला एकट्याने अडवणं फार थोड्यांना जमतं. तो थांबतो. पूर्ण वेगात येणारा डिफेंडर त्याच्याबरोबर थांबू शकत नाही, दोन पावलं पुढे निघून जातो. तूही एकाच वेगाने जाऊ नकोस. हळू ये, ताठ हो, जणू पास शोधते आहेस. ती ताठ झाली की खाली वाकून पहिलं पाऊल जितकं लांब टाकता येईल तितकं टाक. ती पळत मागे आली की दोन्ही पायांवर थांब. मात्र तुमचं कोर्ट उघड्यावरचं सिमेंटचं आहे, त्यावर बारीक वाळू असते. खेळण्याआधी कोर्ट झाडून घ्या आणि बुटाचे तळवे पुसत जा. गुडघा आणि घोटा जपल्याशिवाय थांबण्याचा सराव करायचा नाही, हे मी हट्टाने सांगते.

पहिलं पाऊल पडलं की वळसा घेऊन जाऊ नकोस. तुझा खांदा तिच्या कमरेजवळून, अगदी घासून गेला पाहिजे, आणि तिथून सरळ रिंगकडे. लांबून वळसा घातलास की तिला सावरायला जागा मिळते. खांदा पुढे गेला की थोडी तिच्या वाटेत ये, म्हणजे ती तुझ्या पाठीवर राहील. आता तिला फाउल करावा लागेल नाहीतर मागून बघत राहावं लागेल. मोकळा हात फक्त बॉल राखण्यासाठी. त्याने ढकललंस तर फाउल तुझा.

यापुढे खरी अडचण येते, ती म्हणजे दुसरी डिफेंडर. एकीला चुकवलंस की मदतीला दुसरी रिंगखाली येतेच. ती आधीच पाय रोवून उभी असेल आणि तू तिच्या छातीवर जाऊन आदळलीस तर चार्जिंग. रिंगखालच्या सव्वा मीटरच्या अर्धवर्तुळात मात्र तिला असं चार्जिंग सहसा मिळत नाही. पण ती आली याचा अर्थ तुमच्यातली कोणीतरी मोकळी सुटली. म्हणून शेवटच्या ड्रिबलला मान वर हवी. कोपऱ्यातल्या मैत्रिणीला दिलेला तो पास आणि सामन्यात तू घाबरून दिलेले पास यांत फार अंतर आहे. हा पास तू डिफेन्स फोडून मिळवलेला असतो.

सरावासाठी दादाला किंवा गल्लीतल्या मोठ्या मुलांना समोर उभं कर. पंचेचाळीस अंशाच्या कोनातून, तीन पॉइंटच्या रेषेवरून सुरुवात, आणि जास्तीत जास्त तीन ड्रिबल. ती रेषा रिंगपासून 6.75 मीटरवर आहे, तेवढ्या अंतराला तीन ड्रिबल भरपूर होतात. चौथा लागला तर बॉल समोरच्याचा. बॉल आपटत उभं राहण्याची सवय याने सुटेल. सामन्यात शॉट घ्यायला 24 सेकंद मिळतात आणि थ्री-बाय-थ्रीमध्ये तर फक्त 12. तुझ्या एकटीच्या खेळासाठी बाकीच्या चौघींनी उभं राहावं, असा हा खेळ नाही. आठवड्यातले दोन दिवस फक्त डाव्या हाताने खेळ. तू उजवीकडेच जातेस हे त्या उंच मुलीला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार, त्यामुळेच तिचा हात बॉलवर आयता पोचला.

रविवारी तिच्याच संघाशी पुन्हा सामना आहे ना? बॉल पुन्हा गेला तरी चालेल, पण पहिल्या क्वार्टरमध्ये निदान तीनदा तिच्या अंगावर जा. आणि सामना झाल्यावर मला स्कोअर नंतर कळव. आधी लिही, ती कोणता पाय पुढे ठेवून उभी राहते.

तुझी,
मावशी