हेडफोन लावण्याआधी मीटर लाव

नाशिक

चि. ओंकार,


तुझा निरोप आणि बोर्डाचे फोटो मिळाले. सोल्डरिंग स्वच्छ आहे, वायरी नीट वळवल्या आहेत. बघून बरं वाटलं. सीमॉय हेडफोन ॲम्प्लिफायर निवडलास हेही चांगलं केलंस. च्यू मॉय यांचं हे सर्किट गेल्या शतकाच्या अखेरचं. एक दुहेरी ऑपॲम्प, ९ व्होल्टची बॅटरी आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. त्यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे हे शिकणाऱ्याला समजू शकतं, म्हणून मी ते कुणालाही पहिलं करायला सांगते.

आता तुझी अडचण. हेडफोन काढून मोजलं की दोन्ही बाजूंना साडेचार व्होल्ट बरोबर येतात, आणि हेडफोन लावला की आवाज फाटतो. लगेच पुढच्या ओळीत तू विचारतोस, महागातला ऑपॲम्प मागवू का? आत्ता काही मागवू नकोस. आधी मोज.

आवाज पूर्ण कमी कर, हेडफोन काढ आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेव. काळा प्रोब दोन ४.७ किलोओमच्या रेझिस्टरांच्या मधल्या जोडावर, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडवर. बॅटरीच्या उणे टोकावर नाही, नाहीतर साडेचार व्होल्ट दिसतील आणि उगाच घाबरशील. लाल प्रोब आधी १ नंबरच्या पिनवर, मग ७ नंबरच्या. माझा अंदाज आहे, दोन्हीकडे उणे २०० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा येईल.

कारण फोटोत चिपवर एनई५५३२ लिहिलेलं दिसतंय, आणि सर्किटात होता ओपीए२१३४. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने तुला "सेम टू सेम आहे" म्हणून दिला असणार. पिना सारख्याच आहेत, आणि चिपही उत्तम आहे. कित्येक रेकॉर्डिंग कन्सोलमध्ये तीच असते. पण ओपीए२१३४च्या इनपुटला फेट आहेत, ते करंट जवळपास घेतच नाहीत. एनई५५३२च्या इनपुटला साधे ट्रान्झिस्टर आहेत. ते साधारण २०० नॅनोअँपिअर ओढतात. तुझ्या इनपुटवर १०० किलोओमचा रेझिस्टर आहे. गुणाकार कर: २० मिलिव्होल्ट. गेन ११, म्हणजे आउटपुटवर २२०. हाच ऑफसेट.

३२ ओमच्या हेडफोनमधून त्यामुळे जवळजवळ ७ मिलिअँपिअर डीसी वाहू बघतो, दोन कानांचे मिळून १४. आणि तुझा ग्राउंड खरा नाही, दोन रेझिस्टरांनी बॅटरीच्या मधोमध धरलेला आहे. ९ व्होल्टवर त्यांच्याकडून जेमतेम २ मिलिअँपिअर मिळतात. मग ग्राउंड खाली घसरतो, खालची बाजू आखडते आणि आवाज फाटतो. पटत नसेल तर दोन्ही आउटपुटना हेडफोनऐवजी ३३ ओमचे रेझिस्टर लाव आणि दोन्ही बाजूंचे व्होल्ट पुन्हा मोज. साडेचार-साडेचार राहणार नाहीत.

१०० किलोओमच्या जागी १० किलोओम घालावा असं तुझ्या मनात येईल. ऑफसेट दहा पटींनी उतरेलही. पण ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत त्या रेझिस्टरने १६ हर्ट्झपर्यंतचा खर्ज सोडला होता. तो १० किलोओम केलास की १६० हर्ट्झच्या खालचं गळायला लागेल, तबल्याचा बायाँ गेलाच. मग कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा करावा लागेल. आणि एवढं करूनही उरलेले २२ मिलिव्होल्ट हा ग्राउंड नीट पेलणार नाही. त्यापेक्षा मूळचा ओपीए२१३४च लाव, आणि खात्रीच्या दुकानातून घे. वरचं नाव घासून नवं छापलेल्या चिपा बाजारात पुष्कळ फिरतात. सॉकेट वापरला आहेस, त्यामुळे बदलणं दोन मिनिटांचं काम. बॅटरी काढून बदल, आणि खाच उलटी पडत नाही ना ते बघ.

बॅटरीऐवजी लॅपटॉपच्या यूएसबीवरून छोट्या कन्व्हर्टरने ९ व्होल्ट घ्यायचा तुझा बेत मात्र सोडून दे. कन्व्हर्टरचं उणे टोक आणि लॅपटॉपच्या ऑडिओ जॅकचं ग्राउंड एकच असतं. गाणं त्याच लॅपटॉपवरून घेतलंस की तुझा मधला ग्राउंड थेट उणे टोकाला चिकटेल आणि सर्किटचा खालचा अर्धा भाग शॉर्ट होईल. यात अनेक जण दिवसचे दिवस घालवतात आणि दोष चिपला देतात.

तू सांगितलेली डाव्या कानातली अधूनमधूनची खरखर वेगळी आहे, ती जॅकजवळच्या ड्राय सोल्डरची वाटते. गाणं चालू ठेवून लाकडी काडीने एकेक जोड हळूच दाब. जिथे खरखर वाढेल तिथे बॅटरी काढून नवं सोल्डर वितळव.

नवी चिप बसवल्यावर पिन १ आणि ७ चे आकडे मला पाठव. दहाएक मिलिव्होल्टच्या आत असतील तर आधी स्वस्तातला इअरफोन लावून ऐक. चांगला हेडफोन त्यानंतर. मग गेन ११ वरून ३-४ वर आणू. ३२ ओमला एवढा लागत नाही, आणि उरलेला ऑफसेटही त्याच प्रमाणात उतरेल.

तुझी,
आत्या