उभ्या गाडीचा ताप

जुन्या मोटारीविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे, आणि तो असा की गाडी चालवली तर झिजते आणि छपराखाली झाकून ठेवली तर टिकते. दस्तऐवज आणि लग्नातले शालू यांच्या बाबतीत हा न्याय कदाचित खरा असेल. परंतु ज्या भंडारा जिल्ह्यात मे महिना लागला की पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकतो, आणि नवतप्यातल्या दुपारी माणूस तर सोडाच, कुत्रेही रस्ता ओलांडण्याचे धाडस करीत नाही, तेथे एक प्रीमियर पद्मिनी पदरी बाळगल्यानंतर माझे मत याच्या नेमके उलट बनले आहे. इंजिन तापण्याचे दुखणे काय किंवा टायर दगा देण्याचे दुखणे काय, त्या गाडीला यांपैकी एकही रस्त्यावर जडले नव्हते. दोन्ही उभ्या उभ्या जडली होती, आणि रस्त्याने ती केवळ चव्हाट्यावर आणली.

गाडी माझ्या सासऱ्यांची. तुमसरला त्यांच्या राईस मिलच्या पडवीत ती कित्येक वर्षे उभी होती, आणि त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली तेव्हा तिचा रंग, आसनांचे रेक्झीन आणि स्टेअरिंगच्या दांड्याला लागून असलेला गिअर हे सारे इतके ठाकठीक होते की पाहणाऱ्याने हेवा करावा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट ११०० च्या बांधणीवर ही मोटार तयार होत असे. चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी.चे तिचे इंजिन इतके सरळ की बॉनेट उघडताच बहुतेक अवयव दृष्टीस पडतात आणि पान्याच्या टप्प्यात येतात. संगणकावाचून दुरुस्त होणाऱ्या यंत्राचे हे सुख खरे. मात्र ज्याला पाना धरता येतो त्या प्रत्येकाजवळ तिच्यासाठी एक इलाज तयार असतो, हे त्याच सुखाचे दुसरे अंग होय.

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या सहा नंबरवर, लाखनी येण्यापूर्वीच काटा तांबड्या पट्टीला भिडला. आणि गाडी झाडाखाली घेऊन बॉनेट उघडतो न उघडतो तोच शेजारच्या बोडीतून डबाभर पाणी घेऊन दोघे परोपकारी गृहस्थ हजर झाले. त्यांच्या सद्भावनेविषयी तिळमात्र शंका न घेता येथे सांगितले पाहिजे की तापल्या इंजिनाचे जितके नुकसान उष्णतेने होते, तितकेच पहिल्या दहा मिनिटांतल्या उपचाराने होते. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून दाब धरून ठेवणारी झडप असते; दर पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर चढतो, म्हणजे ७ पौंडांच्या झाकणाखाली पाणी ११० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते, आणि तेच झाकण फिरवून दाब मोकळा केला की त्या पाण्याची तत्क्षणी वाफ होऊन ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. सबब वरचा होज उघड्या हाताने सुखाने धरता येईपर्यंत झाकणाला हात लावू नये, मग त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. त्यानंतरही पाणी ओतायचे ते इंजिन मंद सुरू ठेवून, थोडेथोडे आणि शक्यतो कोमट. लालबुंद झालेल्या लोखंडात एकदम गार पाणी गेले की हेड वाकते किंवा त्याला चीर जाते, आणि मग चारशे रुपयांचे काम कित्येक हजारांवर जाते. बोडीचे गढूळ पाणी तर प्राणावर बेतल्याखेरीज घालूच नये, कारण त्यातला गाळ जेथे जाऊन बसतो तेथून तो काढणे ही किती खटपटीची गोष्ट आहे ते पुढे येईलच. काटा नुसता चढू लागला असून वाफ दिसत नसेल, तर सावलीत थांबून इंजिन किंचित वाढवून मिनिटभर चालू ठेवणे हिताचे, कारण पंखा आणि पंप तेवढ्यात बरीच उष्णता काढून नेतात. मात्र पट्टा तुटला असेल किंवा पाणी बाहेर पडत असेल, तर एक क्षणही न दवडता किल्ली फिरवावी.

यानंतर गाडी ज्या ज्या ठिकाणी दाखवली, त्या त्या ठिकाणी निराळा निकाल मिळाला. एका गॅरेजात थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवण्यात आला आणि वर असा अभिप्राय मिळाला की आपल्याकडच्या उन्हात या वस्तूची गरजच काय. ही समजूत विदर्भभर आहे आणि ती बहुधा चुकीची आहे: अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाटही बंद करतो, आणि तो काढला की गरम पाण्याचा काही हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात शिरतो. त्याच्याविषयी संशय असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोऱ्याने लोंबकळता सोडावा आणि तापमापक लावून पाहावे. अंगावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, म्हणजे बहुतेक ८० च्या घरात, तो उघडला तर तो निर्दोष आहे. दुसऱ्या ठिकाणी वॉटर पंप बदलण्याची तजवीज सुरू झाली. तिसऱ्याने तर हेडच खोलायचा हुकूम सोडला. हेड गॅस्केट गेले असेल तर त्याच्या खुणा असतात: थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी अखंड बुडबुडे येणे, तेलाच्या पट्टीवर दुधी फेस चढणे, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर निघत राहणे. यांपैकी एकही नसताना जो मनुष्य हेड खोलू पाहतो, त्याच्यापासून गाडी सविनय दूर न्यावी.

निदान शेवटी झाले ते लाखनीच्या एका वयस्क मिस्त्रींच्या हातून, आणि तेही पान्याला स्पर्श न करता. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, काटा मध्याच्या पुढे जाईपर्यंत ते शांतपणे विडी ओढीत उभे राहिले, नंतर इंजिन बंद करवून समोरच्या बाजूने रेडिएटरच्या जाळीवर तळहात अगदी हलका टेकवीत वरून खाली आणि मग डावीकडून उजवीकडे नेत गेले. ‘‘इथं हात लावा जी,’’ ते म्हणाले. दोन्ही कडांना चटका बसत होता; मध्यभागी मात्र वीतभर रुंदीचा उभा पट्टा जेमतेम कोमट होता. ‘‘पानी कमी नाही साहेब, पानी फिरूनच नाही रायलं. तलाव भरला हाय, पन नहराचं तोंड बुजलं.’’ ज्या जिल्ह्यात कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांवर पिढ्यानपिढ्या धान पिकत आले, तेथल्या माणसाने रेडिएटरची मीमांसा याहून नेमक्या शब्दांत काय करावी!

कारण पुढे उलगडले. गाडी उभी करताना तिच्यात बोअरचे साधे पाणी होते, तेच ज्याचा पांढरा थर आपल्या हंड्यांच्या बुडाला बसतो. वर्षानुवर्षे ते हलले नाही, लोखंडी ब्लॉकचा गंज आणि पाण्यातले क्षार तळाशी उतरून रेडिएटरच्या चिंचोळ्या नळ्यांत वाळून घट्ट झाले. बाहेरच्या अंगाला राईस मिलचा कोंडा आणि तणसाची धूळ जाळीच्या पत्र्यांमध्ये इतकी दाटली होती की दिव्यासमोर धरल्यास पलीकडचा उजेड दिसू नये. हीच गाडी अधूनमधून चालली असती, तर यांपैकी निम्मे संकट तरी टळले असते.

येथे जुन्या मोटारीचा एक गुण उपयोगी पडतो. आजच्या गाड्यांच्या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे बिघडला की फेकावा अशा. जुना रेडिएटर तांब्यापितळेचा, डाख देऊन जोडलेला. पितळी भांड्यांसाठी ज्या गावाचा लौकिक आहे त्या भंडाऱ्यात डाख देणारा हात शोधावा लागत नाही. वरची टाकी उकलून प्रत्येक नळीतून पातळ पट्टी आरपार घालून ती साफ करायची, मग टाकी पुन्हा बसवायची. या कामाला मिस्त्री रॉडिंग म्हणतात, आणि नवा रेडिएटर घेण्यापूर्वी ते करून पाहावे. मात्र रेडिएटर स्वच्छ करून ब्लॉक तसाच ठेवणे व्यर्थ होय, कारण तेथला गाळ पहिल्याच प्रवासात खाली उतरून नळ्या पुन्हा बुजवतो; म्हणून थर्मोस्टॅट काढून ब्लॉकच्या बुचातून पाण्याचा उलटा प्रवाह सोडावा आणि गढूळपणा संपेपर्यंत सोडतच राहावे. बाहेरची जाळी धुताना पाणी किंवा हवा इंजिनाच्या बाजूने पुढे मारावी; पुढून मारल्यास कचरा अधिकच आत ठासला जातो. खालचा होज हातात दाबून पाहावा: तो मऊ पडला असेल तर इंजिन जोरात फिरताना पंपाच्या ओढीने आत मिटतो, आणि गाडी उभी असताना याचा मागमूसही लागत नाही. शेवटी भरायचे ते बॅटरीत घालतात तसले डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मेनिम. कूलंटचे काम केवळ गोठणे टाळण्याचे, म्हणून आपल्याला त्याची जरूर नाही, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी त्यातल्या गंजरोधक द्रव्यांचा विचार केलेला नसतो. दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि काढलेले कूलंट अंगणात सांडू नये. ते चवीला गोड आणि जनावरांना विषारी असते.

एक इशारा पेट्रोलविषयी. इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ पर्यंत २० टक्के झाल्यामुळे जुन्या कार्बुरेटरला तेच जेट आता अपुरे पडते, मिश्रण पातळ होते आणि ज्वलन अधिक तापते. शिवाय जुन्या रबरी नळ्या फुगतात. उन्हात गाडी गचके देत बंद पडली आणि काटा मात्र मध्यावरच असला, तर तो इंजिनाचा ताप नव्हे. पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी झालेला असतो, आणि त्यावर ओले फडके गुंडाळून थोडा वेळ थांबणे हा आपल्या वाडवडिलांचा इलाज आजही लागू पडतो.

इंजिन रुळावर आले आणि पवनीच्या रस्त्यावर स्टेअरिंग थरथरू लागले. उतरून पाहिले तो पुढच्या एका टायरच्या कडेला सुपारीएवढा फुगवटा आलेला. त्या टायरवरची नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक होती, आणि नेमकी हीच गोष्ट जुन्या गाडीच्या मालकाला फसवते. रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि टायर फिरताना वाकतो तेव्हाच ती आतून पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण मिळत नाही, ऊन आणि हवा त्याला कोरडे करतात, आणि आतले धागे नक्षीच्या आधी जीव सोडतात. म्हणून टायरचे वय नक्षीवरून न ठरवता त्याच्या कडेवरच्या आकड्यांवरून ठरवावे. लंबगोलात चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या स्टेपनीवर तीनच अंक होते, अर्थात ती २००० सालापूर्वीची होती आणि हवा भरल्यावर दिसायला नवीकोरी होती.

नवे टायर घेताना हे आकडे वाचणे पद्मिनीवाल्यांना विशेष अगत्याचे आहे. तिचे मूळ माप ५.२०-१४, पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिंगच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून नाहीशा झाल्यावर या मापाचे मोठे गिऱ्हाईकच संपले, तेव्हा दुकानदार माळ्यावरून जो टायर उतरवतो तो वापरलेला नसला तरी ताजा असेलच असे नाही. मी १५५/८० आर १४ चे रेडियल निवडले: त्यांचा बाहेरचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर, मूळच्या जवळपास, त्यामुळे वेगाचा काटा फारसे खोटे बोलत नाही, आणि रेडियल टायर आतून कमी तापतो, ही बाब आमच्या महामार्गावर मला निर्णायक वाटली. जुन्या धाटणीच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे क्रॉसप्लायच पसंत करतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही, मात्र दोन्ही जाती एकाच आसावर कदापि मिसळू नयेत, आणि पुढे रेडियल मागे क्रॉसप्लाय अशी रचना तर मुळीच करू नये, कारण वळणावर मागचे चाक आधी पकड सोडते आणि गाडी गरकन फिरते.

जुन्या रिंगला ट्यूबलेस टायर बसला तरी ट्यूब घालावीच, आणि तीही रेडियलसाठी बनवलेली. टायराची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा त्या काळच्या रिंगना नसतो. बसवण्यापूर्वी रिंग तारेच्या ब्रशाने घासून, रेड ऑक्साइड लावून, पूर्ण वाळू द्यावी, कारण गंजाचा एक पापुद्रा ट्यूब कातरायला पुरेसा होतो. ट्यूबला टाल्क चोळावी. थोडी हवा भरून ती आत सरळ बसवावी, मग कडेला साबणाचे पाणी लावून टायर चढवावा, आणि पूर्ण हवा एकदा भरून, सोडून, पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबची घडी मोडते. दुकानातला पोरगा घाईत असतो आणि हे सारे टाळू पाहतो; तेथे उभे राहून करवून घ्यावे. चाक चढवताना बोल्ट आधी हाताने, नंतर समोरासमोरचे पाळीपाळीने आवळावेत, आणि ५०-६० किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा. मागे दोन माणसे बसवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे की रुंद टायर कुठे घासत तर नाही. हवा सकाळी, थंड टायरमध्ये मोजावी. दुपारी तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढून टाकण्याचा मोह आवरावा, कारण सकाळी तोच टायर मऊ पडतो, आणि मऊ टायर अधिक वाकून अधिक तापतो.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तिला ठोकळ्यांवर उचलून ठेवावे. तेवढे न जमल्यास हवा चार-पाच पौंड जास्त भरून आठवड्याला चाकांची जागा बदलावी. नुसते इंजिन उभ्या गाडीत सुरू करून बंद करण्याने लाभ नाही. मी स्वतः पंधरवड्याला एकदा, उन्हे वर येण्यापूर्वी, गाडी कारध्याच्या पुलापलीकडे साकोलीच्या दिशेने थर्मोस्टॅट उघडेपर्यंत नेऊन आणतो. परत आल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवतो आणि मग चारही चाकांजवळ हात नेऊन त्यांची धग पाहतो. एखादे चाक इतरांहून अधिक तापलेले लागले, तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजावे, आणि इंजिनाला दोष देण्यापूर्वी ते चाक खोलावे.