एजंटने पैसे मागितले तर?

प्रश्न : माझी इंग्रजी कादंबरी लिहून पूर्ण झाली. लंडनच्या एका एजंटला ती आवडली, पण तो ‘वाचनशुल्क’ मागतोय. भरू का?

उत्तर : एक पैसाही देऊ नका. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच कमावतो. ब्रिटन-अमेरिकेत लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०. आधीच पैसे मिळाले, तर तो प्रकाशकांचे उंबरठे कशाला झिजवेल?

त्याला सोडा आणि दुसरे एजंट गाठा. एकाच वेळी पाच-सहा जणांना लिहिण्यात गैर काही नाही. ब्रिटनमध्ये सहसा पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मागतात, अमेरिकेत बऱ्याचदा पत्र आणि सुरुवातीची काही पानं. खरी मेहनत पत्रावर घ्या. ते एका पानात बसवा. नायिका कोण, तिला काय हवंय, आड काय येतंय, हे लगेच कळू द्या; ‘मानवी नात्यांचा वेध’ वगैरे नको. शेवट पत्रात झाकून ठेवा, सारांशात मात्र स्पष्ट सांगा. उत्तराला काही महिने लागतात, तोवर पुढचं लिखाण सुरू ठेवा.

(कादंबरी मराठी असती, तर हस्तलिखित थेट प्रकाशकाकडेच पाठवायला सांगितलं असतं.)