ठिबक सिंचनाचे अनुदान : आधी हिशेब, मग खरेदी

खानदेशात केळी आणि कापूस ही नगदी पिके विहीर बागायतीवर उभी आहेत. रावेर, यावल भागात विहिरींची पाणीपातळी खोल गेली आहे, तर साक्री, शिंदखेडा भागात पाऊसच कमी. त्यामुळे ठिबक संच ही आता गरज झाली आहे. महाराष्ट्रात ठिबकसाठी अनुदान १९८६-८७ पासून दिले जाते. तरीही अनेक शेतकरी बंधूंचा हिशेब चुकतो, कारण अनुदान किती आणि केव्हा मिळते याची नीट कल्पना नसते.

अनुदान किती?

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस (२ हेक्टरपर्यंत) ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के अनुदान आहे. राज्याचे पूरक अनुदान धरून ते अनुक्रमे ८० व ७५ टक्के होते. कमाल मर्यादा ५ हेक्टर आहे.

ही टक्केवारी दुकानदाराच्या बिलावर नसून शासनाने ठरविलेल्या खर्च मापदंडावर असते. मापदंड नळ्यांमधील अंतराप्रमाणे बदलतो. अंतर कमी असल्यास नळी जास्त लागते व मापदंडही वाढतो.

उदाहरणादाखल समजा, एका हेक्टरचे बिल १,५०,००० रुपये झाले आणि मापदंड १,२५,००० रुपये आहे. अल्पभूधारकास ८० टक्क्यांप्रमाणे १,००,००० रुपये मिळतील. म्हणजे स्वतःचा वाटा ५०,००० रुपये. बिलावर ८० टक्के धरून ३०,००० रुपयांचीच तजवीज केली असेल, तर २०,००० रुपये कमी पडतील.

शिवाय अनुदान संच बसवून तपासणी झाल्यावर बँक खात्यात जमा होते. तोपर्यंत सर्व रक्कम उभी करावी लागते. वरील १,००,००० रुपये दरसाल १२ टक्के व्याजाने घेतले, तर दरमहा १,००० रुपये व्याज पडते. अनुदानास सहा महिने लागल्यास ६,००० रुपये गेले. हा खर्चही हिशेबात धरावा.

कोणता क्रम पाळावा?

१) महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा. सातबारा, आठ-अ व आधार यांवरील नाव सारखे असल्याची खात्री करावी.
२) विहीर किंवा कूपनलिकेची नोंद सातबारावर करून घ्यावी. सामाईक क्षेत्र असल्यास सहहिस्सेदारांचे संमतीपत्र घ्यावे.
३) पूर्वसंमती मिळाल्याशिवाय संच खरेदी करू नये. आधी खरेदी केल्यास अनुदान हातचे जाते.
४) खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करावी. साहित्यावर भारतीय मानक चिन्ह पाहावे व पक्के बिल घ्यावे.
५) मुदतीत संच बसवून बिल संकेतस्थळावर चढवावे.
६) मोका तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहावे. पूर्वसंमतीतील पीक, क्षेत्र व नळ्यांचे अंतर शेतातील मांडणीशी जुळले पाहिजे.
७) बँक खाते आधारशी जोडलेले व चालू असावे.

त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान ७ वर्षांनंतरच मिळते. म्हणून गाळणी वेळोवेळी धुवावी, नळ्यांची टोके उघडून गाळ काढावा आणि क्षार साठल्यास आम्ल प्रक्रिया करावी.

अनुदान ही मदत आहे, भांडवल नव्हे. स्वतःचा वाटा व व्याज यांची तरतूद करूनच संचाची मागणी नोंदवावी. अधिक माहितीसाठी आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यास भेटावे.